जिनिंगमध्ये कामाला जाताय? हात कसा वाचवायचा, आणि अपघात झालाच तर पहिल्या तासापासून काय करायचं

सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) झाली, पहिला वेचा घरात आला की आमच्याकडे विदर्भात जिनिंगचे, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांचे, भोंगे सुरू होतात. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट, खामगाव, कुठंही जा, दिवाळीपासून थेट मार्च-एप्रिलपर्यंत गावातले पोट्टे, बायाबापड्या, कोरडवाहूवाले शेतकरी सगळे पाळीवर. मी स्वतः अकरा हंगाम काढले, आधी गंजीवर कापूस ओढायला, मग हेल्पर आणि शेवटी फिटर.

माझ्या चुलत भावाची उजव्या हाताची तीन बोटं डीआर (डबल रोलर) जिनिंग मशीनमध्ये गेली. रात्रपाळी होती, वय तीस. शेठच्या गाडीत टाकून दवाखान्यात नेलं, सोबत कारखान्याचाच माणूस, आणि डॉक्टरनं विचारलं काय झालं तर त्या माणसानंच उत्तर दिलं, "घरी कडबा कुट्टीत हात गेला." भाऊ वेदनेनं अर्धा बेशुद्ध, तो काय बोलणार. केसपेपरवर तीच ओळ उतरली आणि ती ओळ खोटी आहे हे सिद्ध करायला आमची चार वर्षं गेली. त्या ओळीमुळंच हे सगळं लिहून राहिलो, कारण बोटं गेली ती गेली, पण तो कागद आम्ही वाचवू शकलो असतो. माहीतच नव्हतं.

कामाला लागायच्या आधी

कामावर लागल्याचा पुरावा पहिल्याच दिवसापासून तयार करायचा. नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं असं आहे, तर मुकादमाला मागा, ठेकेदाराला मागा. नाही मिळालं तर (आणि खेड्यातल्या जिनिंगमध्ये पुष्कळदा नाहीच मिळत) भांडत बसू नका, स्वतःचा पुरावा स्वतः उभा करा. एक वही घ्या, रोजची तारीख, कोणती पाळी, कोणतं मशीन, सोबत कोण होतं, एवढं लिहा. गेटवर कारखान्याचं नाव दिसेल असा फोटो काढून घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तारीख आपोआप पडते. पगार होता होईल तो खात्यात किंवा फोनपेवर मागा. रोख मिळाला तर किती आणि कोणाच्या हातून ते वहीत.

ठेकेदाराकडून लागला असाल तरी घाबरायचं काम नाही. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं (त्याचं काम आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे, ते खाली सांगतो) कलम १२ असं होतं की ठेकेदाराचा माणूस मालकाच्या धंद्याच्या कामात जखमी झाला तर मुख्य मालकही जबाबदार. ठेकेदार पळाला म्हणून तुमचा हक्क पळत नाही.

अजून एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. बाकी कारखान्यांत दहा किंवा जास्त माणसं असली आणि पगार २१ हजारापर्यंत असला की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होते, पण ईएसआय कायद्यात "हंगामी कारखाना" वगळलेला आहे आणि त्या व्याख्येत कापसाचं जिनिंग-प्रेसिंग अगदी नाव घेऊन लिहिलेलं आहे. म्हणजे नुसतं जिनिंग-प्रेसिंगच चालत असेल अशा ठिकाणी सहसा ईएसआयचं कार्ड नसतं, आणि अपघात झाला की तुमच्या हातात तो भरपाईचा कायदाच काय तो उरते. म्हणून वरचे कागद. जिनिंगसोबत तेलघाणी नाहीतर सूतगिरणी चालत असेल तर मात्र ईएसआयचा नंबर आहे का ते नक्की विचारा. ईएसआय लागू असेल तर भरपाई तिकडूनच मिळते, मग मालकावर या कायद्यात दावा करता येत नाही.

हात कुठं जातो

मी पाहिलेल्या हाताच्या अपघातांमधले बहुतेक एकाच क्षणी झालेले, चोकअप काढताना. डीआर मशीनमध्ये दोन रोलर फिरतात, त्यांना चाकू लागून असतो, रुई ओढली जाते आणि सरकी खाली पडते. ओला कापूस आला, काडीकचरा जास्त आला की मध्येच अडकते, आणि मागून कापूस तर येतच राहतो, मुकादम ओरडून राहिला असतो आणि माणूस म्हणतो, "एवढूसा तं अडकला, मशीन कायले बंद करा, हातानंच काढून घेतो." रोलर बोट पकडतो तेव्हा झटका बसत नाही, ओढ लागते, आणि जितकं ओढाल तितकं आत जाते.

तर चोक निघाला की क्रम हा ठेवायचा, आणि दरवेळी हाच:

१. आधी मशीनचं बटन बंद करा, ओरडून शेजारच्याला सांगा.
२. मग त्या मशीनचं मेन स्विच बंद. फ्यूज निघत असेल तर फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाका, कुलूप लागत असेल तर कुलूप लावून चावी खिशात. ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात चावी, मुकादमाच्या नाही.
३. रोलर पूर्ण थांबेपर्यंत उभे राहा. बटन बंद केल्यावरही तो काही वेळ फिरत राहतो. किती अपघात या "बंद तर केलं होतं" मध्ये झाले.
४. हातानं नाही, लाकडी काडीनं किंवा हुकानं काढा.
५. परत सुरू करायच्या आधी मागं-पुढं कोणी नाही ना हे डोळ्यानं पाहा, नुसतं ओरडू नका, आवाजात कोणाला काय ऐकू येते.

दुसऱ्या क्रमांकाची पायरी सगळे टाळतात कारण दोन-चार मिनिटं जातात. मीही टाळायचो. फिटर झाल्यावर मी हेल्परला स्पष्ट सांगून ठेवलं होतं की फ्यूज माझ्या खिशात नसेल तर मी आत हात घालणार नाही, आणि काम संपेपर्यंत तो माझ्याकडून मागायचा नाही.

कपडे. गळ्यातला दुपट्टा, शेला, सैल बाह्या, हातातला गंडा, अंगठी, घड्याळ, हे सगळं बाहेर काढून ठेवायचं. बायांनी पदर कमरेला घट्ट खोचून वरून शर्ट चढवावा, वेणी आत. आणि हे नीट ऐका, फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालायचे नाहीत. पुष्कळ जणांना वाटते हातमोजे म्हणजे सेफ्टी. ते गठाण (दाबून बांधलेला रुईचा गठ्ठा) उचलताना, पट्टी बांधताना ठीक, पण रोलरजवळ, पट्ट्याजवळ मोज्याचं कापड आधी अडकते आणि मग आख्खा हात घेऊन जाते.

पट्ट्यांवर आणि पुल्यांवर जाळी पाहिजेच. नसेल तर तोंडी सांगून सोडू नका, मुकादमाला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन शब्द टाका, "चार नंबरच्या पट्ट्याले जाळी नाही, लावून द्या", सोबत फोटो. याचं कारण कायद्यात आहे. कामगारानं मुद्दाम सुरक्षेचं साधन काढून टाकलं असं मालकानं सिद्ध केलं तर भरपाई नाकारता येते (मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हा बहाणा चालत नाही, बाकी जखमांत चालतो). जाळी आधीपासूनच नव्हती हे तुमच्या मेसेजवरून दिसलं की तो मुद्दा संपला.

बाकीचे धोके

सरकीची आणि कापसाची गंजी. खालून खोदत गेलं की वरची कड अंगावर येते, माणूस दबला की ओरडताही येत नाही, तोंडात-नाकात कापूस. खालून पोखरायचं नाही, वरून उतार ठेवत काढायचं आणि एकट्यानं तर कधीच नाही. खाली कन्व्हेयर चालू असताना सरकीच्या ढिगावर चढायचं नाही, पाय आत खेचला जाते. स्क्रू कन्व्हेयरच्या नालीवर झाकण नसेल तिथून उडी मारून जाऊ नका, दहा पावलं फिरून जा.

प्रेसवर बांधणीची पट्टी किंवा तार तुटली की चाबकासारखी येते, ती डोळ्यावर. गठाण साधारण १७० किलोची असते, आतून दाब केवढा असेल विचार करा. तिथं डोळ्याचा साधा प्लास्टिकचा चष्मा लावा आणि पट्टीच्या रेषेत उभे राहू नका.

आगीबद्दल फार सांगत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे की कापसातला एक खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये ठिणगी पाडतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की वरून पाणी मारून विझलेली रुई आत धुमसत राहते, आणि कापूस वाचवायला आत जायचं नाही. पाळी सुरू होताना बाहेर जायच्या दोन वाटा पाहून ठेवा, एका वाटेत गठाणी लावल्या असतील तर हलवायला सांगा.

धूळ. सुट्टीनंतर कामावर परतला की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, मग दोन-तीन दिवसांत कमी वाटते, असं वारंवार होत असेल तर ते नुसतं सर्दी-पडसं समजू नका. कापसाच्या धुळीनं होणारा हा फुप्फुसाचा आजार, बिसिनोसिस, १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून आहे. डॉक्टरला जिनिंगमध्ये किती वर्षं काम केलं ते सांगा. नाकाला ओला रुमाल बांधण्यापेक्षा चांगला मास्क बरा, पण मास्कचे बंद लोंबकळू देऊ नका.

अपघात झाला, पहिला तास

मशीन बंद, मेन बंद. हात अडकलेला असेल तर उलटं ओढू नका, मशीन उलटं फिरवून पाहू नका, फिटरला बोलवून रोलर सैल करा. करंट लागला असेल तर मेन बंद होईपर्यंत माणसाला हात लावायचा नाही.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून पूर्ण जोर लावून दाबून धरा, सारखं उघडून पाहू नका. दाबूनही थांबत नसेल आणि हात-पाय असेल तरच जखमेच्या दोन-तीन इंच वर रुंद पट्टा आवळा, रक्त थांबेपर्यंत आवळा, आणि किती वाजता बांधला ते लिहून ठेवा. मध्येच सैल करू नका, ते काम डॉक्टरचं. हळद, चहापत्ती, ऑइल, काही भरायचं नाही. दारू तर अजिबात पाजायची नाही, आपल्याकडे दुखणं कमी व्हावं म्हणून कोणीतरी हमखास दोन घोट देते, पण मग डॉक्टरच्या कागदावर दारूचा वास आल्याची नोंद होते आणि तीच नोंद उद्या कोर्टात "हा पिऊन होता" म्हणून येते.

बोट तुटून पडलं असेल तर शोधा, फेकू नका. स्वच्छ पाण्यानं किंवा सलाईननं हलकं धुवा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट बोटाला लागू द्यायचा नाही, त्यानं पेशी मरतात. बोट असं थंड ठेवलं तर बऱ्याच तासांनंतरही जोडायचा प्रयत्न होऊ शकतो, मनगटापासून हात तुटला असेल तर वेळ खूपच कमी, सहा तासांच्या आतबाहेर. जोडता येईल की नाही हे डॉक्टर ठरवतील, रोलरमध्ये चेंदलेलं बोट बरेचदा जोडता येत नाही, पण ते आपण कारखान्यात उभं राहून ठरवायचं नाही. आणि गावातल्या दवाखान्यात पट्टी करून रात्र काढू नका, सरळ विचारा की बोट जोडायची सोय कुठं आहे, सेवाग्राम, सावंगी की नागपूरचं मेडिकल.

१०८ ला फोन करा. अ‍ॅम्ब्युलन्स लवकर येईल म्हणून तर कराच, पण अजून एक कारण आहे. १०८ च्या नोंदीत पेशंट कुठून उचलला ती जागा लिहिलेली असते. जागेच्या ठिकाणी जिनिंगचं नाव आलं की उद्या कोणी कडबा कुट्टी म्हणू शकत नाही. गाडीला वेळ लागत असेल तर थांबू नका, मिळेल त्या गाडीनं निघा, पण फोन केलेला असू द्या.

दवाखान्यातली ती एक ओळ

जखमीसोबत घरचा किंवा भरवशाचा एक माणूस गेलाच पाहिजे, नुसता कारखान्याचा नाही. डॉक्टर विचारेल काय झालं. उत्तर पूर्ण द्यायचं: "अमक्या गावच्या अमक्या जिनिंगमध्ये, रात्रपाळीत काम करताना, डीआर मशीनमध्ये उजवा हात गेला, इतक्या वाजता." आणि म्हणायचं, "साहेब, एमएलसी करा." एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, झाली की दवाखान्यातून पोलिसांना कळवलं जाते आणि बयाण होते. मग केसपेपर हातात आला की तिथंच वाचा, इंग्रजीत असेल तर नर्सला वाचून दाखवायला सांगा. चुकीचं असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करायला लावा, आठ दिवसांनी कोणी हात लावत नाही.

कारखान्याचा माणूस हळूच म्हणेल, "कामावर झालं म्हणू नको भाऊ, पोलिसांची झंझट होते, शेठ सगळा खर्च करते." आमच्या भावाच्या बाबतीत शेठनं पहिल्या ऑपरेशनचा खर्च केला, हे खरं सांगतो. नंतर फोन उचलणं बंद झालं. कायद्यानं कामात झालेल्या जखमेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानंच द्यायचा आहे, २००९ च्या दुरुस्तीपासून तसं लिहिलेलंच आहे, तेव्हा तो उपकार नाही. बिलं सगळी जपा, गाडीभाड्याची चिठ्ठीसुद्धा.

त्याच दिवशी सोबत्यांकडून मशीनचा फोटो, रक्ताचा फोटो, कोण कोण पाळीवर होतं त्यांची नावं घ्या. आठवडाभरात साक्षीदार गावाला निघून जातात, बाहेरून आलेले मजूर तर सापडतच नाहीत.

पैशाचा हिशोब

१९२३ च्या कायद्याचं काम आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० च्या सातव्या प्रकरणात आलं आहे, हिशोबाचा साचा तोच. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा अपघात असेल तर जुना कायदाच. किती कामगार आहेत अशी अट भरपाईला नाही, पाच माणसांच्या ठिकाणीही लागू.

समजा वय ३०, महिन्याचा पगार १२,०००, उजव्या हाताची तीन बोटं गेली. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. तीस वर्षांच्या वयाला गुणायचा आकडा कायद्याच्या परिशिष्टात २०७.९८ आहे, गुणाकार १४,९७,४५६. हे झालं पूर्ण अपंगत्वाचं. तीन बोटांना ३० टक्के, म्हणजे ४,४९,२३६ रुपये. कोणी पन्नास हजारात मिटवायला आलं तर हा आकडा डोळ्यासमोर ठेवा. एका हाताची चार बोटं असतील तर ५० टक्के, अंगठा ३०, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४० टक्के. मृत्यू झाला तर ६० ऐवजी ५० टक्के घ्यायचे, वरच्याच उदाहरणात १२,४७,८८०. पगार जास्त असला तरी हिशोबाला १५,००० पर्यंतच धरतात, जानेवारी २०२० ची अधिसूचना तशी आहे. वय वाढलं की आकडा उतरतो, चाळिशीला १८४.१७.

हाड मोडलं, काही महिने घरी बसावं लागलं पण नंतर बरं झालं, तर त्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के.

इथं पगार किती हा मुद्दा येतो आणि मालक कमीच सांगतो. वही आणि पासबुक इथं कामी येते.

दावा

मालकाला लेखी नोटीस द्या, रजिस्टर पोस्टानं, पावती जपा. जुन्या कायद्यात महिनाभरात भरपाई द्यायची असते, नाही दिली तर १२ टक्के व्याज आणि कारण नसताना थकवली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वरून. नाही दिली तर नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज, अपघातापासून दोन वर्षांच्या आत. तुम्ही राहता त्या भागातही अर्ज करता येते, कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी रोज तिकडे जायची गरज नाही. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा, बाया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, फोन नंबर १५१००.

स्टँप पेपरवर "आमची काही तक्रार नाही" असं लिहून सही घेतली असेल तरी निराश होऊ नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातल आहे. मृत्यूच्या केसमध्ये तर मालकानं घरच्यांच्या हातात दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही (तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल सोडून), ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. तेव्हा दिवसकार्यासाठी पैसे दिले तर घ्या, हक्क त्यानं संपत नाही.

कामावर जाता-येता झालेला अपघातही मोजला जाऊ शकतो, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका साखर कारखान्याच्या चौकीदाराच्या केसमध्ये तसं मान्य केलं, फक्त वेळ आणि रस्ता कामाशी जुळला पाहिजे. रात्रपाळीला मोटरसायकलनं जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. आणि जिनिंग सुटल्यावर फवारणीच्या मजुरीला जाणाऱ्यांनीही, २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं आपण पाहिलं, मजुरीवर औषध फवारणारा माणूसही याच कायद्याच्या यादीत आहे.

आमच्या केसमध्ये शेवटी दोन सोबत्यांच्या साक्षी आणि भावाच्या बायकोनं कॅलेंडरवर लिहून ठेवलेल्या पाळीच्या खुणा कामी आल्या. ती रोज "रात्र" नाहीतर "दिवस" एवढंच लिहायची, डबा कधी करायचा ते कळावं म्हणून.

शेवटचं काम बँकेतलं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, एक हात किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर १ लाख, आणि हे मालकाच्या भरपाईच्या वरून मिळते. सातबारा असलेल्या घरातले असाल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेसाठीही कृषी ऑफिसात विचारा. विम्याचे २० रुपये मे अखेरीस खात्यातून कटतात. तोवर हंगाम संपलेला असतो, बी-बियाण्याला पैसे काढून खातं रिकामं होते आणि विमा तुटतो, म्हणून तेवढे २० रुपये खात्यात राहू द्या.